रोज किती लिहायचं? नोकरी-संसार सांभाळून लिहिणाऱ्यांसाठी हिशेबाची एक पद्धत

२०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षं माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य होतं : ‘यंदा कादंबरी पूर्ण करायची.’ चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात हाताशी होत्या अकरा सुरुवाती आणि एक अर्धवट प्रकरण.

मी सांगली जिल्ह्यात एका सहकारी बँकेत नोकरी करते. संध्याकाळी रोख मोजून ती रोजकीर्दीशी जुळल्याशिवाय आम्ही शाखेतून उठत नाही. दहा रुपयांचा फरक आला तरी सगळ्या पावत्या पुन्हा चाळतो. त्या डिसेंबरात माझ्या लक्षात आलं, की लेखनाची तिजोरी मात्र मी वर्षातून एकदाच उघडत होते आणि ती रिकामी दिसली की हळहळत होते. मधल्या ३६४ दिवसांची नोंदच नव्हती. मग जानेवारी २०२४ पासून लेखनाचीही रोजकीर्द सुरू केली. तेव्हापासून दोन कथा पूर्ण झाल्या, त्यातली एक छापून आली आणि कादंबरीचा पहिला खर्डा निम्म्यावर आला आहे. आकडे लहान आहेत, पण खरे आहेत.

नोकरी, शेती, घर, लहान मुलं यांतून वेळ काढून ज्यांना लिहायचं आहे आणि दरवर्षी संकल्प मोडल्याचं ज्यांच्या मनाला लागतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

काय काय लागेल

– तारखांची एक डायरी. गेल्या वर्षीची कोरी राहिलेली असली तरी चालेल, तारखा हाताने बदलून घ्या.
– भिंतीवरचं कॅलेंडर, सणवार आणि सुट्या छापलेलं.
– फोनमधला टायमर.
– टाइप करत असाल तर शब्द मोजणारं साधन. वर्डमध्ये शब्दसंख्या खालच्या पट्टीत दिसते, गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं की कळते. देवनागरी युनिकोडमध्ये असेल तर दोन्हीकडे मोजणी नीट होते.
– हाताने लिहीत असाल तर फुलस्केप कागद आणि पट्टी. पट्टी कशाला, ते पुढे येईल.
– चौदा दिवसांचा धीर.

१. आधी चौदा दिवस फक्त मोजा

इथेच बहुतेकांची घाई होते. वही घेतली की पहिल्या पानावर ‘रोज १००० शब्द’ लिहावंसं वाटतं. ते लिहू नका. पहिले चौदा दिवस कुठलंच लक्ष्य ठेवायचं नाही. नेहमीसारखं, जमेल तेव्हा लिहायचं आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी नोंदवायच्या : तारीख, किती वाजता बसलात, किती मिनिटं लिहिलंत, नवे शब्द किती झाले. नाही बसलात त्या दिवशी ‘नाही’ असं लिहायचं आणि कारण एका शब्दात. ‘पाहुणे’, ‘ताप’, ‘कंटाळा’. कंटाळा हेही कारण आहे, ते लपवू नका. ही वही तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही.

माझे चौदा दिवस असे निघाले : बसले ८ दिवस. एकूण वेळ ५ तास २० मिनिटं. नवे शब्द २,२४०. म्हणजे एका बैठकीला सरासरी ४० मिनिटं आणि २८० शब्द. मला मनापासून वाटत होतं की मी ‘बसले की हजार शब्द’ लिहिते. तसा एक दिवस आला होता खरा, काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रविवारी. तोच दिवस मी प्रमाण धरून चालले होते.

हा २८० चा आकडा बघून पहिल्या रात्री वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कागदावर गुणाकार केला : आठवड्याला चार बैठका धरल्या तरी वर्षाला ५० हजारांच्या पुढे शब्द होतात. मग वाईट वाटायचं थांबलं.

तुमचा आकडा माझ्यापेक्षा निम्मा किंवा दुप्पट असेल. त्याची दुसऱ्या कोणाशी तुलना करायची नाही. पुढची सगळी गणितं याच आकड्यावर उभी राहणार आहेत, म्हणून तो खरा असणं एवढंच महत्त्वाचं.

२. शब्द, पानं की मिनिटं? आपलं माप ठरवा

कथा, कादंबरी, लेख लिहीत असाल तर शब्द हे सोयीचं माप आहे, कारण संपादकही त्याच मापात बोलतात. ‘तीन हजार शब्दांपर्यंत द्या’ असं सांगतात. पुस्तकाचा अंदाज हवा असेल तर नेहमीच्या डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात.

हाताने लिहिणाऱ्यांनी प्रत्येक पान मोजत बसू नये. आपल्या अक्षरातल्या दहा ओळींचे शब्द मोजा, दहाने भागा, एका ओळीची सरासरी मिळेल. ती पानावरच्या ओळींनी गुणा. माझ्या अक्षरात फुलस्केपच्या ओळीला ९ शब्द आणि पानाला २७ ओळी, म्हणजे २४३ शब्द. अर्धवट पान असेल तर पट्टी लावून ओळी मोजायच्या. रोज दहा सेकंदांत हिशेब होतो.

कवींनी शब्द मोजू नयेत. कवितेत तीन ओळी काढून टाकल्या हे त्या दिवसाचं मोठं काम असू शकतं. त्यांनी बैठका मोजाव्यात किंवा खर्डे. अनुवाद करणाऱ्यांनी मूळ पुस्तकाची पानं मोजावीत. बोलून टाइप करणाऱ्यांनी, म्हणजे कीबोर्डवरचा माइक वापरून सांगणाऱ्यांनी, ती नोंद वेगळी ठेवावी. माझा बोलून लिहिण्याचा वेग जवळपास दुप्पट येतो, पण विरामचिन्हं आणि जोडाक्षरं दुरुस्त करण्यात त्यातला बराच वेळ परत जातो.

आता एक सापळा, मी स्वतः पडले तो. इंटरनेटवर लेखनाची जी लक्ष्यं सापडतात, ती बहुतेक इंग्रजीत लिहिणाऱ्यांची असतात. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेला, नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा उपक्रम तुम्ही ऐकला असेल. तो चालवणारी संस्था २०२५ साली बंद झाली, पण तो आकडा अजून सगळीकडे फिरतो. दिवसाला १,६६७ शब्द. हा आकडा मराठीत जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घराच्या मागच्या अंगणातल्या झाडाखाली’ हे आपले चार शब्द. हेच इंग्रजीत सांगायला आठ-नऊ लागतात. त्यामुळे मराठीतले ५०,००० शब्द हे इंग्रजीतल्या ५०,००० पेक्षा पुष्कळ जास्त लेखन असतं. शिवाय नोव्हेंबर! मी २०२३ साली हा प्रयत्न केला. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला वसुबारस होती. त्या दिवशी माझे ४,१०० शब्द झाले होते, हिशेबाने हवे होते १५,००३. डबे-कढया बाहेर निघाल्या आणि कादंबरी तिथेच थांबली. पुढचे दोन महिने मी ती फाइल उघडली नाही, कारण ती उघडली की हरल्यासारखं वाटायचं. चुकीचं लक्ष्य असं नुकसान करतं. त्यात काम तर होतच नाही, वर त्या कामाकडे परत जायची इच्छाही मरते.

३. जे आपल्या हातात आहे त्याचंच लक्ष्य ठेवा

वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमच्या मनातल्या लेखनाच्या इच्छा लिहा, जशा मनात येतील तशा. ‘दिवाळी अंकात कथा यावी.’ ‘पुस्तक निघावं.’ ‘पुरस्कार मिळावा.’ या इच्छा चांगल्या आहेत, त्यांची लाज बाळगू नका. पण यातली एकही तुमच्या हातात नाही. ती संपादकाच्या, प्रकाशकाच्या, परीक्षकांच्या हातात आहे. उजवीकडे प्रत्येकीसमोर तुम्ही स्वतः करू शकाल असं काम लिहा, तारखेसकट.

‘दिवाळी अंकात कथा यावी’ याच्यासमोर : ‘१५ जुलैपर्यंत ४,००० शब्दांची एक कथा तपासून एका अंकाकडे पाठवणं.’

‘पुस्तक निघावं’ याच्यासमोर : ‘डिसेंबरपर्यंत सहा कथांचे पक्के खर्डे, जानेवारीत एका प्रकाशकाला पत्र.’ तुमचं एकही पुस्तक आलेलं नसेल तर आणखी एक ओळ : ‘महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवणं.’ ही योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. अर्जाची मुदत आणि सोबतचे कागद त्या त्या वर्षीच्या निवेदनात बघायचे, कोणी सांगितलेल्या जुन्या माहितीवर जायचं नाही.

‘पुरस्कार’ याच्यासमोर मात्र कामाचं लक्ष्य लिहिता येत नाही, फक्त पात्रता लिहिता येते. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारासाठी पुरस्काराच्या वर्षी १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याहून कमी असावं लागतं. हे माहीत असावं, तेवढंच. त्या वयाच्या आत पुस्तक आणायचं म्हणून कच्चं पुस्तक छापू नका.

यापुढे रोज डावी बाजू बघायची नाही. तो अर्धा भाग दुमडून ठेवा. मी टाचणीने बंद केला आहे.

४. तारखेपासून उलटं मोजत या

मराठी लेखकाला एक वार्षिक मुदत आपोआप मिळते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी आणि नवं वाचन यांची सांगड बसली आहे. नवोदितांना उलट मोजायला शिकण्यासाठी याहून चांगली तारीख नाही, कारण ती आपल्यासाठी थांबत नाही.

पण दिवाळी दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ साली अधिक महिन्यामुळे पुन्हा ८ नोव्हेंबरला. तीन आठवड्यांचा फरक पडतो आणि संपादकांची मुदतही त्यासोबत पुढेमागे होते. बहुतेक अंकांना मजकूर जून ते ऑगस्टच्या दरम्यान हवा असतो. नेमकी तारीख हवी असेल तर गेल्या वर्षीचा अंक घ्या, त्यातला संपादकांचा पत्ता किंवा ईमेल काढा आणि एप्रिल-मेमध्ये दोन ओळींचं पत्र पाठवून विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही.

आता गणित. समजा १५ जुलैला कथा पाठवायची आहे. शेवटून सुरुवात करू.

– शेवटचा हात, शुद्धलेखन, एकदा मोठ्याने वाचणं : १ आठवडा
– दुसरा खर्डा : ३ आठवडे
– कथा बाजूला ठेवून तिच्याकडे न बघणं : दीड आठवडा
– पहिला खर्डा : ४,००० शब्द, दर बैठकीला २८०, म्हणजे १५ बैठका. आठवड्याला चार धरल्या तर ४ आठवडे

बेरीज साडेनऊ आठवडे. तुम्ही म्हणाल, चला, मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करू. थांबा, या बेरजेला दीडने गुणा. साधारण १४ आठवडे येतात. १५ जुलैपासून १४ आठवडे मागे म्हणजे ८ एप्रिल. आम्हा बँकवाल्यांना ही तारीख मानवते, मार्चअखेर उरकून आठवडा झालेला असतो.

दीडपट का? कारण स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल हे आपण जवळजवळ नेहमीच कमी धरतो. कॅनडातल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी, ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी, १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. मी गुणायला लागल्यापासून एकदाही वेळ उरलेला नाही. पण तारीखही चुकलेली नाही.

दीड आठवडा कथेकडे न बघण्याचा भाग वगळून वेळ वाचवू नका. माझ्या २०२४ च्या कथेत तो वगळला होता. पाठवल्यानंतर महिन्याने वाचली तेव्हा दिसलं की दुसऱ्या पानावर नायिकेची आई वारलेली आहे आणि सातव्या पानावर ती फोन उचलते. ती कथा परत आली. आता रीतसर विश्रांती देऊन ती पुन्हा लिहिली आहे.

५. किमान शिल्लक ठरवा, थकबाकी ओढू नका

आठवड्याचं लक्ष्य ठरवा, रोजचं नको. रोजच्या लक्ष्यात एक दिवस चुकला की साखळी तुटल्याचं दुःख होतं आणि मग आठवडाच सोडून दिला जातो. आठवड्याच्या लक्ष्यात मंगळवार बुडाला तर गुरुवार असतो. माझं लक्ष्य आहे आठवड्याला चार बैठका आणि मिळून १,१०० नवे शब्द. आकडा माझ्या चौदा दिवसांच्या मोजणीतूनच काढला आहे, मनाने वाढवलेला नाही.

त्याच्या खाली एक किमान शिल्लक ठेवा. खात्यात असते तशी. घरात आजारपण आहे, शेतात सुगी आहे, कामावर तपासणी चालू आहे, अशा आठवड्यातही जे जमेल ते. माझी किमान शिल्लक आहे आठवड्यात दोनदा दहा मिनिटं. त्यात एक वाक्य झालं तरी चालतं. हे शब्दांसाठी नाही. कथेतली माणसं अनोळखी होऊ नयेत म्हणून. तीन आठवडे सुटले की परत आल्यावर पहिल्या दोन बैठका जुनं वाचण्यातच जातात, हे मी मोजून पाहिलं आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : मागच्या आठवड्याची थकबाकी या आठवड्यात आणायची नाही. ४०० शब्द कमी पडले म्हणून पुढच्या आठवड्याचं लक्ष्य १,५०० करायचं नाही. थकबाकीवर थकबाकी चढत गेली की कर्जदार बँकेचा रस्ताच टाळतो, ते मी रोज बघते. लेखनाचंही तसंच होतं. सोमवारी पान कोरं.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असे संदेश फिरत असतात, त्यांवर विसंबू नका. लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात, जो २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला, ९६ लोकांनी एकेक साधी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ सरासरी ६६ दिवस निघाला आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बावीसाव्या दिवशी टेबलाशी बसायचा कंटाळा आला तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. अजून वेळ व्हायची आहे.

६. रोजकीर्द अशी लिहा

चौदा दिवसांच्या वहीत आता दोन रकाने वाढवा. सगळे मिळून सहा : तारीख, बसण्याची वेळ, मिनिटं, नवे शब्द, काय केलं, उद्या कुठून. एक्सेलमध्ये ठेवायची असेल तर ठेवा, आपोआप बेरीज मिळते. मला वही बरी वाटते, कारण फोन हातात घेतला की वीस मिनिटं दुसरीकडे जातात.

एक खरी नोंद :

‘२२ एप्रिल. पहाटे ५.२०. ४५ मिनिटं. ३१० शब्द. एसटी स्टँडवरचा प्रसंग, भावाचं बोलणं. उद्या : तो पिशवीतून काय काढतो.’

सहावा रकाना कधीही सोडू नका. मला या अख्ख्या पद्धतीतून एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी हा रकाना ठेवीन. सकाळी कोऱ्या मनाने बसून ‘आता काय लिहू’ असा विचार करण्यात माझी पहिली पंधरा मिनिटं जायची. आता ‘तो पिशवीतून काय काढतो’ हे वाचलं की हात चालू होतो. त्यासाठी बैठक संपवताना पुढचं थोडं माहीत असताना थांबावं लागतं. सुरुवातीला जिवावर येतं, पण करून बघा.

दुसरा खर्डा चालू असताना ‘नवे शब्द’ या रकान्यात कधीकधी उणे आकडा येईल. ४,६०० शब्दांची कथा ४,००० वर आली, तर तो तोटा नव्हे. त्या दिवसांत शब्दांऐवजी ‘तपासलेली पानं’ लिहा. आणि संदर्भ वाचन, माहिती काढणं, कोणाला फोन करून विचारणं हे ‘काय केलं’मध्ये लिहायचं, शब्दांच्या रकान्यात शून्यच. माहिती गोळा करणं हे लिहिण्यासारखं वाटतं, पण ते लिहिणं नाही. माझ्या वहीत एका महिन्यात गिरणी संपाबद्दल वाचल्याच्या नऊ नोंदी आहेत आणि शब्द शून्य. कथेत संपाचा उल्लेख एका वाक्यात आला.

७. कॅलेंडरवर आधी अडचणी लिहा

वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि लाल पेनाने, ज्या दिवसांत लिहिणं होणारच नाही, ते दिवस खुणा करून ठेवा. माझ्या कॅलेंडरवर १५ मार्च ते ५ एप्रिल लाल आहे. गणपतीचे दिवस लाल, दिवाळीचा आठवडा लाल. मुलीची दहावी होती त्या वर्षी फेब्रुवारीचा उत्तरार्धही. शिक्षकांनी पेपर तपासणीचे आणि निवडणूक ड्यूटीचे दिवस धरावेत, शेतकऱ्यांनी पेरणी आणि सुगी, तरुण मंडळींनी परीक्षा. घरातल्या बाईने सणवार प्रामाणिकपणे धरावेत, कारण सुट्टीचा दिवस तिच्यासाठी बहुतेक वेळा सर्वांत जास्त कामाचा असतो.

लाल दिवसांत फक्त किमान शिल्लक. उरलेल्या आठवड्यांतच नेहमीचं लक्ष्य. माझ्या कॅलेंडरवर असे ४० आठवडे उरतात. ४० गुणिले १,१००, म्हणजे वर्षाला ४४,००० शब्द. त्यामुळे मी आता ‘यंदा कादंबरी’ असं लिहीत नाही. सुमारे ७०,००० शब्दांच्या कादंबरीचा पहिला खर्डा मला दोन वर्षं घेणार, हे कागदावर स्वच्छ दिसतं, आणि ते दिसल्यापासून जिवाला स्वस्थता आहे.

८. महिन्याचा ताळेबंद

महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास. बैठका किती ठरल्या, किती झाल्या, शब्द किती, ‘नाही’च्या दिवशी कारणं कोणती. माझी २०२४ ची पहिली बेरीज : फेब्रुवारी, ठरल्या १६, झाल्या १३. मार्च, ठरल्या १६, झाल्या ४. एप्रिल, ठरल्या १६, झाल्या १५. मार्चच्या चार बघून मी आळशी आहे असा निष्कर्ष काढता आला असता, तो पूर्वी काढलाही असता. वहीत मात्र कारण लिहिलेलं होतं, नऊ वेळा ‘इयरएंड’. दोष माझा नव्हता, मार्चला १६ लावणाऱ्या लक्ष्याचा होता. त्यातूनच लाल पेनाची कल्पना सुचली.

बदल करायचा तो याच दिवशी, मधेच नाही. मी एवढे दोन नियम पाळते. सलग दोन महिने ६० टक्क्यांच्या खाली गेलं तर लक्ष्य चौथ्या हिश्श्याने कमी करायचं. सलग तीन महिने सहज पूर्ण झालं तर दहा टक्क्यांनी वाढवायचं, त्याहून जास्त नाही.

‘नाही’च्या कारणांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर तिथे लक्ष द्या. माझ्या वहीत रात्री साडेनऊच्या बैठकांसमोर ‘झोप’ सतत यायचं. पहाटेच्या बैठका झाल्या तेव्हा ते जवळपास गेलं. ज्यांचं पहाटे जमत नाही त्यांना जेवणाच्या सुट्टीतली पंचवीस मिनिटंही पुरतात.

पाय घसरतो त्या जागा

पहिलं पान पुन्हा पुन्हा सुधारणं. माझ्या अकरा सुरुवाती यातूनच झाल्या. पहिला खर्डा संपेपर्यंत मागे जायचं नाही. काही बदलावंसं वाटलं तर समासात खूण करून पुढे.

व्हॉट्सअॅप गटावर आपला रोजचा आकडा टाकणं. काहींना यातून बळ मिळतं, पण बहुतेकांना दुसऱ्याचा आकडा बोचतो. एखाद्या मैत्रिणीला महिन्याचा ताळेबंद दाखवणं पुरेसं आहे.

मधेच नवी कथा सुचली म्हणून जुनी सोडणं. नव्या कल्पनेसाठी वहीची शेवटची चार पानं राखून ठेवा, तिथे पाच ओळी लिहा आणि परत या.

आणि फाइल एकाच ठिकाणी ठेवणं. आठवड्यातून एकदा स्वतःलाच ईमेल करा. हाताने लिहिणाऱ्यांनी पानांचे फोटो काढून ठेवावेत.

९. पाठवण्याची तयारी

कथा तयार झाली की पाठवायला आणखी आठवडा जातो, कारण बाकीच्या गोष्टी हाताशी नसतात. त्या आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा :

– युनिकोडमधली वर्ड फाइल आणि तिचीच पीडीएफ. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसू शकतात.
– शब्दसंख्या, आपलं नाव, पत्ता, फोन हे पहिल्याच पानावर.
– पन्नासेक शब्दांचा परिचय.
– कथा स्वतःची आहे आणि आधी कुठेही छापलेली नाही, असं एक वाक्य.
– मानधनासाठी बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. हे मागितल्यावरच द्यायचं, पण तयार असावं.

एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे. दोन ठिकाणी पाठवली आणि दोघांनीही घेतली तर दोन्ही संपादकांचा विश्वास जातो. उत्तर किती दिवसांत अपेक्षित धरायचं हे पाठवतानाच विचारा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तोवर उत्तर आलं नाही तर एक नम्र स्मरणपत्र पाठवा. त्यालाही उत्तर नसेल तर कथा मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा.

वहीच्या मागच्या बाजूने पाठवण्याची नोंद सुरू करा : कथेचं नाव, शब्द, कुठे, कधी, उत्तर. माझ्या त्या पानावर आतापर्यंत सहा ओळी आहेत. चार ‘नाही’, एक ‘उत्तर नाही’, एक ‘हो’. सहाही ओळी ठरलेल्या तारखेला किंवा तिच्या आधी गेलेल्या आहेत.

ज्या दिवशी एक कथा जाते त्याच दिवशी दुसरीची पहिली नोंद करायची, अशी मी सवय ठेवली आहे. ‘हो’ आलेली कथा २०२५ साली १२ जुलैला गेली, मुदतीच्या तीन दिवस आधी. त्या दिवशीच्या रोजकीर्दीत लिहिलं आहे : ‘रात्री ९.४०. १५ मिनिटं. ६० शब्द. आजीचं लाकडी कपाट. उद्या : किल्ली कोणाकडे आहे.’